डागीची वाटी

आमच्या घरात डागी हा खाण्याचा पदार्थ होता. हे वाक्य लिहून मी पुण्याला असलेल्या माझ्या मुलीला, रेवतीला, फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा, याचा अर्थ कुणालाच कळणार नाही." खरं आहे तिचं. बाहेरच्या जगात डागी म्हणजे डाग पडलेला माल. बाजूला काढायचा, पडेल त्या भावात द्यायचा, नाहीतर शेळीपुढं टाकायचा. आमच्याकडं मात्र शाळेतून आलो की दप्तर भिरकावत आम्ही ओरडायचो, "आई, डागी दे!" आणि आई फडताळातून चिनी मातीची बरणी काढायची, ज्वारीच्या भाकरीवर तो गडद विटकरी रंगाचा, गोड आणि जरासा आंबूस गोळा ठेवायची आणि तिथंच बोटानं पसरून द्यायची. त्याला एक करपट वास असायचा. तो वास नसेल तर मी नाक मुरडायचो, इतकी मला त्याची सवय होती.

पूर्णा स्टेशनाच्या बाहेर, टांगे उभे राहायचे तिथं, अप्पांचा म्हणजे माझ्या वडिलांचा फळांचा गाडा होता. आम्ही लिंगायत वाणी. आमच्या भावकीत किराणा, कापड, भुसार असली दुकानं. गाडा लावणारे अप्पा एकटेच, आणि लग्नाकार्यात त्यांना हे कुणी ना कुणी हसत हसत ऐकवायचंच. पेरू, मोसंबी, केळी आळीपाळीनं असायची, आणि पाऊसकाळ सरायला लागला की सफरचंदाच्या लाकडी पेट्या नांदेडहून पॅसेंजरनं यायच्या. पेटीत वाळलेलं गवत, आणि एकेक फळ उर्दू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं. अप्पा निजामाच्या शाळेत उर्दू शिकले होते. पेटी फोडली की ते फळाआधी कागद मांडीवर सरळ करायचे आणि चष्मा वर ढकलून वाचत बसायचे. "काश्मिरात लय बर्फ पडायलाय म्हणे," असं ते आईला सांगायचे, जसं काही आमच्या सोयऱ्याच्या अंगणात पडतोय. "कवाचा पेपर हाय त्यो?" आई विचारायची. "कवाचा का असंना. बर्फ काय एकदाच पडतो का?"

त्या काळी आमच्या भागात सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. धडधाकट माणसानं विकत घेऊन खावं असं ते नव्हतंच. नांदेडच्या दवाखान्यात कुणाला भेटायला निघालेली माणसं गाडी यायच्या आधी घाईघाईनं अप्पांकडून सफरचंदं घ्यायची, आणि ती घेताना एकेक फळ फिरवून फिरवून बघायची. आजाऱ्यासमोर डागी फळ कसं न्यायचं? मग रोज थोडी फळं गाड्याच्या खालच्या गोणपाटावर जायची आणि तिथून आमच्या घरी. अप्पा दारातून आवाज द्यायचे, "डागी आलीय गं." शब्द असा घरात आला. आधी फळाला म्हणायचो, मग त्याचं जे व्हायचं त्यालाही तेच नाव पडलं.

ते व्हायचं भुशाच्या शेगडीवर. आजच्या पोरांना ही शेगडी ठाऊक नाही. पत्र्याचा गोल डबा, खाली एक भोक. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती आरा गिरणीतून आणलेला लाकडाचा भुसा मुठीनं दाबून दाबून भरायचा, आणि मग बाटली अलगद फिरवत वर काढून घ्यायची. भुशात बोगदा राहतो. खालच्या भोकातून जळतं लाकूड सारलं की सगळा भुसा आतून हळूहळू धुमसत जातो, सकाळी पेटवलेली शेगडी दुपार कलली तरी निवत नाही. बाटली काढताना हात हलला की भुसा ढासळलाच. हे काम घरात फक्त माझी मोठी बहीण करायची. तिचं नाव गिरिजा, आम्ही अक्का म्हणायचो. माझ्याहून ती सात वर्षांनी मोठी. बाटली काढताना ती श्वास धरायची आणि बाटली निघाली की सोडायची, आणि तिच्याबरोबर मीही.

आई फळांतला सडका भाग कापून काढायची, उरलेलं सालीसकट चिरून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात घालायची. वर गुळाचा खडा, चिमूटभर मीठ, दालचिनीचा एक तुकडा. पाणी जवळजवळ नाहीच. पातेल्याखाली जुना तवा ठेवायचा म्हणजे धग थेट लागत नाही. दुपारभर घरात पुट् पुट् असा आवाज यायचा आणि त्याच्यावरून स्टेशनातल्या शंटिंगचा, डबे एकमेकांना आदळल्याचा. इंजिनची शिट्टी झाली की आई म्हणायची, "हलव गं एकदा." तिला घड्याळ लागत नसे. फळं विरघळली की चाळणीतून घासून सालं वेगळी करायची आणि गर पुन्हा शेगडीवर, चमचा उभा राहीपर्यंत. शेवटी पातेलं रिकामं झालं की आई त्यात पाणी घालायची, हातानं कडा धुवायची आणि ते पाणी आम्ही तिघं वाटून प्यायचो. अप्पा रोज जेवण झालं की ताटाचं असंच करायचे. आमच्यात ताटात काही टाकत नाहीत. अन्न हा प्रसाद, म्हणून ताट धुऊन ते पाणीही पितात. मला लहानपणी वाटायचं, सगळं जग असंच जेवतं.

मी दुसरीत होतो तेव्हाची गोष्ट. आई पाणी आणायला गेली होती, अक्का भाकऱ्या थापत होती आणि शेगडीवरची डागी घट्ट होत आली होती. मला पातेल्याच्या काठावरची साय, म्हणजे तो कडेला चिकटलेला करपट पापुद्रा, खायचा होता. मी फडक्यानं पातेलं स्वतःकडं ओढलं. ते कललं. मला एवढंच आठवतं की पिठानं माखलेला एक हात माझ्या तोंडासमोर आडवा आला. उकळता गर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. अक्का किंचाळली नाही, तिनं फक्त "गुरू, मागं हो, मागं हो" असं म्हटलं, आणि तेच म्हणत राहिली. शेजारच्या काकूंनी माझ्या दप्तरातली शाईची दौत तिच्या हातावर ओतली, तेव्हा भाजल्यावर शाई लावायचे. कित्येक दिवस तिचा हात निळा होता. निळा रंग गेला आणि मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, सुरकुतलेला एक पट्टा राहिला. मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर हिशेब तिथं मिटला असता असं मला पुढं अनेकदा वाटलं.

आई नंतरही डागी करत राहिली, आणि शेगडी अक्काच भरत राहिली. फक्त ती पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायला लागली.

मी नववीत असताना गंगाखेडहून अक्काला बघायला पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात कामाला. त्याच्याबरोबर त्याची आई आणि एक मामा. आदल्या दिवशी अप्पांनी आम्हाला बसवून सांगितलं, "हे बघा, पाव्हण्यासमोर डागी ठेवायची ठेवा, चव चांगली हाय. पण नाव मुरंबा सांगायचं. गाड्यावरचा टाकाऊ माल चारला असं व्हायला नको." आणि मग अक्काकडं न बघता, "हाताचं त्यांनी विचारलं तर खरं सांगायचं. आपण होऊन काढायचं न्हाई."

"आन् गुरूनं तोंड उघडायचं न्हाई," अक्का म्हणाली आणि माझ्या डोक्यात टपली मारली.

पाहुणे आले, "शरणार्थ, शरणार्थ" झालं, हातपाय धुणं झालं. पोहे झाले. मुलाची आई चांगली उंच, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज मोठा. तिनं वाटीतली डागी चाखली आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगं बाई! काय गोड हाय ओ हे. काय म्हणता तुमी ह्याला?"

आई आत चहा गाळत होती. अप्पांच्या तोंडात घास होता. पाण्याचा तांब्या घेऊन मी उभा होतो, आणि कुणी आमच्या डागीची तारीफ करतंय याचा मला इतका अभिमान वाटला की मुरंबा हा शब्द डोक्यातून पारच गेला. "डागी," मी म्हणालो.

"डागी? म्हंजी?"

"डाग पडलेल्या सफरचंदाची करतात. अक्का लय भारी करती. तिचा हात त्यानंच तर भाजला."

सगळं एका दमात. मी बोललो आणि मग मला अप्पांचा चेहरा दिसला.

बाईंनी वाटी खाली ठेवली नाही, फक्त धरून ठेवली. "कोणता हात?"

अक्का मान खाली घालून बसली होती. तिनं मान वर केली, बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात पुढं केला, बांगड्या भरायला करतात तसा. "ह्यो," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही.

मामांनी पावसाचा विषय काढला. बाईंनी वाटी चटईवर ठेवली, अर्धी भरलेली, आणि पदरानं बोटं पुसली. आमच्यासारख्याच घरातली ती बाई, लहानपणापासून ताट धुऊन पिणारी. अर्धी वाटी टाकून उठणं याचा अर्थ त्या खोलीत प्रत्येकाला कळला, तोंडानं नाही म्हणायची गरजच नव्हती. तेवढ्यात मुलानं, जो आतापर्यंत पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता, स्वतःच्या वाटीत तांब्यातलं पाणी घातलं, गोल फिरवलं आणि पिऊन टाकलं. आईकडं त्यानं बघितलं नाही. अक्काकडंही नाही.

ते गेल्यावर ती अर्धी वाटी तशीच चटईवर होती. अप्पांनी तिच्यावर ताटली झाकली आणि गाड्यावर निघून गेले. संध्याकाळी आईनं ती शेळीपुढं ठेवली. मला कुणीही काही बोललं नाही. अक्का तेवढी म्हणाली, "तांब्यातलं पाणी सांडलं बघ सगळं, पूस."

आणि तरीही लग्न ठरलं. मुलगा अडून बसला होता, असं मामांकडून कळलं. घरात मग माझी चेष्टा सुरू झाली. आई म्हणायची, "ह्याच्या फटकळ तोंडामुळं सोयरीक जुळली. लपवलं असतं तर पुढं भांडण झालं असतं." मीही ते खरं मानलं. लग्नात मी नव्या सदऱ्यात मिरवत होतो, दाजींच्या म्हणजे मेहुण्याच्या मागं मागं, जसं काही सगळं मीच जमवलं. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला बहुधा शेवटचा असा, ज्यात मला कशाचीच टोचणी नव्हती.

पंचमीला मुराळी म्हणून मी अक्काला आणायला गंगाखेडला गेलो. भावानं बहिणीला माहेरी न्यायला यायचं, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. मी पहिल्यांदाच गेलो होतो. ओसरीवर बसलो. आतून त्या मोठ्या आवाजाची हाक आली, "डागी! अगं ए डागी! तुजा मुराळी आलाय, पाणी आन!"

मला आधी वाटलं, खायला आणायला सांगतायत. मग अक्का तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. पूर्ण बाहीचं पोलकं तिनं सोडलं होतं, साधं अर्ध्या बाहीचं घातलं होतं. आता लपवायचं कशाला? सासूबाई बाहेर आल्या, मला मायेनं विचारपूस केली, लाडू खाऊ घातले, आणि बोलता बोलता दोनदा तीच हाक मारली. त्यात राग नव्हता. गायीला नाव असावं तसं ते नाव होतं. मी ताठ बसून लाडू खाल्ला. "माझ्या बहिणीला असं म्हणू नका" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि जे तोंड नको तिथं उघडलं होतं ते हवं तिथं उघडलं नाही.

गाडीत अक्का खिडकीपाशी बसली. परभणी मागं गेली. शेवटी तीच म्हणाली, "आईला सांगू नको."

"मारतात का गं?"

"छे रे! तोंडाच्या हायेत फक्त. दाजी चांगले हायेत तुझे. सांगू नको म्हणजे सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण आता आमच्या घरातही तो शब्द मला ऐकवेना. आईनं बरणी काढली की मी म्हणायचो, मला नको. एकदा म्हणालो, "सडकं खायचं आता बंद करू." आई दुखावली. पोरगं मोठं झालं, मित्रांपुढं लाज वाटत असेल, असं तिनं धरलं असणार. अक्का गेल्यावर शेगडी भरायलाही कुणी नव्हतं. पुढं गॅस आला, अप्पांनी गाडा बंद केला, आणि डागी आमच्या घरातून कधी गेली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्यासाठी परभणीच्या मोठ्या दुकानातून सफरचंदं आणली होती, एकही डाग नसलेली. ती फोड हातात धरून म्हणाली, "ह्याला काहीच वास न्हाई रे." मला समजलं होतं ती कशाबद्दल बोलतेय. मी विषय बदलला.

यंदा रेवतीनं आम्हाला विजेवर चालणारं एक भांडं पाठवलं, स्लो कुकर. भात-वरण त्यात करायला माझ्या बायकोनं साफ नकार दिला. "एवढा येळ शिजवायला काय दगड हायेत का?" मग रेवती म्हणाली, "बाबा, तुम्हीच ॲपल बटर करा. सोपं आहे. सफरचंदं चिरून टाका, गूळ, दालचिनी, झाकण लावा आणि विसरून जा." मी तिला विचारलं, यात लोणी कधी घालायचं? ती हसून म्हणाली, लोणी नसतंच, नुसतं नाव आहे. मी काही न समजता करायला घेतलं. दुपारी झाकणाच्या फटीतून वाफ यायला लागली आणि मी हॉलमधून उठून ओट्यापाशी येऊन उभा राहिलो. पुट् पुट् होत होतं. पूर्णा सोडून इतकी वर्षं झाली, आणि मी इंजिनच्या शिट्टीची वाट बघत होतो.

अक्काला फोन केला. "अक्का, बटर केलंय. ये."

"बटर? ते बेकरीत मिळतेत की रे. घरी भट्टी लावली का काय?"

"ते न्हाई गं, चहात बुडवायचं न्हाई. तू ये तर."

दुसऱ्या दिवशी ती आली, गंगाखेडच्या गाडीनं एकटीच. गुडघे धरून जिना चढली आणि दारातच पिशवीतून बेकरीच्या बटरांचा पुडा काढून माझ्या बायकोच्या हातात दिला. "ह्याचं फसलं असंल तर चहाला काही तरी पायजे, म्हणून आणले." दाजींना जाऊन आता बरेच दिवस झाले, सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या. केस पूर्ण पांढरे, आवाज तोच.

मी वाटीत काढून तिच्यासमोर ठेवलं. नाव घेतलं नाही. त्या शब्दानं तिला पुन्हा हाक मारावी असं मला वाटत नव्हतं. तिनं पुड्यातला एक बटर मोडला, त्यावर थोडं घेतलं आणि खाल्लं. तो पट्टा आता फिका झालाय, कातडीच इतकी सुरकुतली आहे की नीट बघितल्याशिवाय कळत नाही. मी बघत होतो.

"हात भाजला माजा," ती म्हणाली, "आन् चोळायलास तू."

मी खाली बघितलं. माझा उजवा हात माझ्याच डाव्या हातावरून फिरत होता, मनगटापासून कोपरापर्यंत. माझ्या बायकोला ही सवय ठाऊक आहे, तिनं कधी कारण विचारलं नव्हतं.

"अक्का, त्या दिवशी मी गप बसलो असतो तर—"

"तर दुसरं काय तरी नाव ठेवलं असतं. नावाबिगर ऱ्हाणारी बाई होती का ती?" तिनं आणखी एक घास घेतला. "चांगलं झालंय. पण करपलं न्हाई. आईच्याला कशी खालून लागलेली चव असायची. ह्या भांड्याला लागतंच न्हाई वाटतं काही."

"न्हाई. लागत न्हाई."

"मग मंद गॅसवर ठेव जरा उद्या. मी आत्याबाईला तसंच करून घालायची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सासूबाईंना? डागी?"

शब्द माझ्या तोंडून गेला. अक्का दचकली नाही.

"शेवटी शेवटी त्यांना घास गिळायचा न्हाई. भात न्हाई, पेज न्हाई. डॉक्टर म्हणले फळाचं द्या. सफरचंद किसून दिलं तर थुंकल्या. मग एक दिवस म्हणल्या, तुज्या घरी खाल्लं हुतं ते. मला आधी कळंना. तर म्हणल्या, डागी गं, डागी." अक्का हसली, नकळत पदर सावरला. "मग केली. रोज करायची थोडी थोडी. त्यांची नजर बी गेली हुती. खाटेवरून हाक मारायच्या, डागी, डागी. आता मला बोलवायल्या का खायला मागायल्या, हे मला कळायचंच न्हाई."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? वाटी घेऊन जायची. मी बी पोचायची, डागी बी पोचायची."

बायको आत चहा टाकायला गेली. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. मला विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती. ती अर्धी वाटी मी इतकी वर्षं चटईवरून उचललेलीच नव्हती.

"आन् वाटी?" मी म्हणालो. "वाटीत ठेवायच्या का काही?"

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. तिलाही ती चटई आठवली असावी.

"न्हाई रे. पाणी घालून प्यायच्या. हात कापायचा त्यांचा, म्हणून वाटी मी धरायची."

मी उठलो. कुकरचं भांडं बरणीत रिकामं केलेलं होतं, कडेला थोडंसं चिकटलेलं. त्यात कोमट पाणी घातलं, हातानं कडा धुतल्या आणि दोन पेल्यांत ओतलं.